कांजिण्यांचा हिशेब कुणाच्या वहीत?

गेल्या अंकात किरकोळ समजल्या जाणाऱ्या आजारांविषयी उत्तर देताना मी लिहिले होते की, कांजिण्यांमुळे समाजाला बसणारा भुर्दंड रुग्णालयांच्या नोंदींपेक्षा कामाच्या ठिकाणच्या हजेरीपटावर अधिक स्पष्ट दिसतो. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींनी दुजोरा दिला, काहींनी खरपूस समाचार घेतला. ज्यांच्यामुळे मुद्दा पुढे सरकतो अशी सहा पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी तीस वर्षे हिशेब तपासनीस म्हणून काम केले. आमच्या पिढीत कांजिण्या सगळ्यांनाच झाल्या आणि आठ-दहा दिवसांत बऱ्याही झाल्या. अशा आजाराला सार्वजनिक आरोग्यावरील भार म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे काय? क्षयरोग आणि हिवताप समोर उभे असताना कांजिण्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे समर्थन कसे करता येईल?
(एक निवृत्त हिशेब तपासनीस)

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि आपल्या पेशाला शोभणारा आहे, म्हणून उत्तरही हिशेबाच्याच भाषेत देतो. एका रुग्णापुरते पाहिले तर बहुतेक मुलांमध्ये कांजिण्या सौम्य असतात, याविषयी वाद नाही. परंतु भार मोजताना एका रुग्णाच्या त्रासाला रुग्णांच्या संख्येने गुणावे लागते, आणि जिथे लस दिली जात नाही तिथे हा गुणक फार मोठा असतो. अमेरिकेत १९९५ मध्ये लस येण्यापूर्वी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत असत, आणि तिथे दरवर्षी जन्मणाऱ्या मुलांची संख्याही साधारण तेवढीच होती. याचा अर्थ, जन्माला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची पाळी कधी ना कधी येतच होती. त्या ४० लाखांपैकी १०,५०० ते १३,००० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागे आणि १०० ते १५० जण दगावत. टक्केवारी काढली तर हे आकडे क्षुल्लक भासतात. पण दाखल होणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्याआधी ठणठणीत होते, ही गोष्ट टक्केवारी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला किमान ४२ लाख रुग्णांना रुग्णालयात न्यावे लागेल इतकी गंभीर गुंतागुंत होते आणि सुमारे ४,२०० मृत्यू होतात.

गुंतागुंतीचे स्वरूप वयानुसार बदलते. मुलांमध्ये खाजवलेल्या फोडांतून जिवाणू शिरून त्वचेचा, आणि क्वचित रक्ताचाही, संसर्ग होतो. प्रौढांमध्ये न्यूमोनियाचे भय अधिक असते. आणि काही मोजक्या रुग्णांमध्ये मेंदूला सूज येते किंवा लहान मेंदूवर परिणाम होऊन मूल काही दिवस झोकांड्या देत चालते. शिवाय बरे झाल्यावरही हा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर नागीण होऊन बाहेर येतो. तीनपैकी सुमारे एका माणसाला आयुष्यात केव्हातरी नागीण होते, आणि त्यांपैकी काहींना पुरळ गेल्यानंतरही महिनोन्‌महिने ठणक सोसावी लागते. कांजिण्यांच्या ताळेबंदात हे चाळीस-पन्नास वर्षांनी वसूल होणारे देणे सहसा कुणी लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा. आजाराचा खर्च मांडताना दोन रकाने असतात. पहिल्यात डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या आणि रुग्णालयातील दिवस येतात. तो प्रत्यक्ष खर्च. दुसऱ्यात बुडालेले काम येते. तो अप्रत्यक्ष खर्च. कांजिण्यांचे वैशिष्ट्य असे की, यात पहिला रकाना हलका आणि दुसरा जड असतो. कारण उघड आहे : फोड आलेल्या मुलाला शाळेत पाठवता येत नाही, पाळणाघर त्याला घेत नाही आणि आजारी मुलाला एकटे सोडता येत नाही, तेव्हा आई-वडिलांपैकी कुणाला तरी घरी थांबावेच लागते. आजार मुलाचा असतो आणि खाडे पालकांचे पडतात. ज्याला पगारी रजा आहे त्याचा भार मालकावर जातो, ज्याला नाही त्याची त्या आठवड्याची कमाई बुडते. रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र यांपैकी कशाचाच मागमूस नसतो, कारण हे मूल रुग्णालयात गेलेलेच नसते.

१९९४ मध्ये, म्हणजे अमेरिकेत लसीला परवानगी मिळण्याच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा फरक नेमका मोजला गेला. बुडालेल्या कामासह सगळा खर्च धरला, तर लसीकरणावर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाचे ५ डॉलरांहून अधिक वाचतात, असे त्यात दिसले. केवळ वैद्यकीय खर्च धरला, तर टाळलेल्या प्रत्येक आजारामागे सुमारे २ डॉलर पदरचे घालावे लागतात, असे निघाले. लस तीच, मुले तीच आणि आजारही तोच. एका वहीत नफा आणि दुसऱ्या वहीत तोटा. त्यामुळे वही कुणाची, हे आधी ठरवल्याशिवाय लस परवडते की नाही याचे उत्तरच देता येत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.

क्षयरोग आणि हिवताप यांच्याशी आपण केलेली तुलना मला मान्य आहे. पैसा अपुरा असेल तिथे जीव घेणाऱ्या आजारांना अग्रक्रम मिळालाच पाहिजे. माझा आक्षेप फक्त एवढाच आहे की, ज्याचा क्रम नंतरचा त्याचा भार शून्य, असे गृहीत धरले जाऊ नये.

प्रश्न : माझ्या वर्गात एका मुलाला कांजिण्या झाल्या. तो आठ दिवस घरी राहिला आणि परत आला. दोन आठवड्यांनी आणखी चार मुले आजारी पडली, मग त्यांची भावंडे. सत्राचा महिना-दीड महिना यातच गेला. पालक शाळा बंद ठेवा म्हणतात. त्याचा उपयोग होतो का?
(एक प्राथमिक शिक्षिका)

उत्तर : आपण वर्णन केलेली साखळी अगदी पुस्तकात असावी तशी आहे. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत १० ते २१ दिवस, बहुधा १४ ते १६ दिवस जातात. म्हणूनच दुसरी लाट पंधरवड्याने आली. अडचण अशी की, पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना संसर्ग देऊ लागतो. आपण त्या मुलाला घरी पाठवले तोवर त्याने द्यायचे ते देऊन टाकले होते. त्यामुळे शाळा बंद ठेवण्याने फारसे साधत नाही. उलट निरोगी मुलांच्या पालकांचेही खाडे सुरू होतात आणि भार वाढतो. सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारणपणे पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस, आजारी मुलाला घरी ठेवावे. खपल्या गळून पडण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पुष्कळ पालक आणि काही शाळा अंगावरचा शेवटचा डाग जाईपर्यंत मुलाला घरी ठेवतात, आणि तो वाढीव आठवडा निव्वळ वाया जातो.

भावंडांचा मुद्दा आपण बरोबर टिपला आहे. एका घरात राहणाऱ्या आणि पूर्वी कांजिण्या न झालेल्या १० जणांपैकी सुमारे ९ जणांना संसर्ग होतो, आणि घरात दुसऱ्यांदा आजारी पडणाऱ्याला पहिल्यापेक्षा अधिक फोड येताना दिसतात. दोन मुले एकाच वेळी आजारी पडत नाहीत, एकामागून एक पडतात, म्हणून दोन मुलांच्या घरात पालकाची रजा दोनदा जाते. तज्ज्ञांच्या सल्ल्याने, संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांच्या आत लस दिली तर दुसऱ्या मुलाचा आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. ही सोय फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

जाता जाता रुग्णालयांविषयीही सांगतो. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या आणि स्वतःला प्रतिकारशक्ती नसलेल्या कर्मचाऱ्याला संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवावे लागते. आजारी न पडलेली परिचारिका दोन आठवडे कामावर नाही, हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, याचा विचार तपासनीस महोदयांनीच करावा.

प्रश्न : मी गरोदर आहे. माझ्या सहकाऱ्याच्या मुलाला कांजिण्या झाल्या आहेत. मला लहानपणी झाल्या होत्या की नाही, हे घरात कुणालाच आठवत नाही. मी रजा घ्यावी का?
(एक नोकरदार वाचक)

उत्तर : रजेचा विचार नंतर करा, आधी आजच आपल्या डॉक्टरांशी बोला. रक्ततपासणीतून प्रतिकारशक्ती आहे की नाही हे कळते, आणि स्मरण नसलेल्या पुष्कळ प्रौढांमध्ये ती असल्याचे आढळते. ती नसेल आणि खरोखरच संपर्क आला असेल, तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते. म्हणून दिवस घालवू नयेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत. पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या झाल्यास साधारण १०० पैकी एक-दोन किंवा त्याहूनही कमी बाळांमध्ये जन्मजात दोष आढळतात. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठल्यास नवजात बाळाला गंभीर धोका असतो. सहकाऱ्याला स्वतःला पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असतील, तर त्याच्यामार्फत आपल्याला संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ नाही.

प्रश्न : कांजिण्या लहानपणीच झालेल्या बऱ्या, मोठेपणी फार त्रास होतो, असे आम्ही ऐकत आलो आहोत. मग नातवंडांना मुद्दाम आजारी मुलाबरोबर खेळायला पाठवून एकदाच्या होऊन जाऊ द्याव्यात, यात गैर काय? खर्चही वाचेल.
(एक आजोबा)

उत्तर : आजोबा, आपण ऐकलेल्यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. अमेरिकेतील लसपूर्व काळात १ ते १४ वर्षांच्या मुलांत एक लाख रुग्णांमागे सुमारे एक मृत्यू होत असे, तर ३० ते ४९ वर्षांच्या प्रौढांत हेच प्रमाण सुमारे २५ होते. एकूण रुग्णांत प्रौढ जेमतेम ५ टक्के, पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के. उष्ण कटिबंधातील देशांत तर कांजिण्या तुलनेने उशिरा होतात, त्यामुळे तिथे प्रतिकारशक्ती नसलेले प्रौढ अधिक सापडतात.

दुसरा अर्धा भाग मात्र मला पटत नाही. कोणत्या मुलाचा आजार बिघडेल, हे आधी सांगता येत नाही. आपण ज्या नातवाला पाठवाल, तो पुरळ उठण्याआधीचे दोन दिवस शाळेत, बसमध्ये आणि शेजारी फिरणार. तिथे एखादी गरोदर स्त्री किंवा कर्करोगाचे उपचार घेणारे मूल असू शकते. आपला खर्च वाचला, असे वाटेल, पण तो फक्त दुसऱ्याच्या वहीत गेलेला असेल. नागिणीचे बीजही त्याच दिवशी नातवाच्या अंगात कायमचे रुजते. लवकर प्रतिकारशक्ती मिळावी हा आपला हेतू असेल, तर तो लसीनेही साधतो.

प्रश्न : लस इतकी उपयुक्त असेल, तर सगळ्या देशांनी ती एकाच वेळी का स्वीकारली नाही? काही देशांनी वीस-पंचवीस वर्षे नकार दिला. त्यांचे शास्त्रज्ञ चुकत होते की दुसऱ्यांचे?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : कुणीच सरसकट चुकत नव्हते. प्रत्येकाने आपापली वही वेगळी आखली होती, आणि एका प्रश्नाचे उत्तर मिळायला खरोखरच वेळ लागला.

लस जपानमध्ये तयार झाली. मिचिआकी ताकाहाशी यांच्या मुलाला १९६४ मध्ये तीव्र कांजिण्या झाल्या होत्या. त्यानंतर ते या विषाणूच्या मागे लागले आणि १९७४ मध्ये त्यांच्या गटाने क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची लस जगासमोर ठेवली. ज्या मुलाच्या फोडातून मूळ विषाणू घेतला, त्याच्या आडनावावरून ही जात 'ओका' म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की, ज्या देशात लस जन्मली, त्याच देशाने ती सर्व मुलांच्या नियमित कार्यक्रमात आणायला २०१४ साल उजाडू दिले. अमेरिकेने १९९५ मध्ये सुरुवात केली, जर्मनीने २००४ मध्ये शिफारस केली, ऑस्ट्रेलियाने २००५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात लस घेतली. ब्रिटनच्या सल्लागार समितीने २००९ मध्ये नकार दिला आणि २०२३ मध्ये मत बदलले; तिथे जानेवारी २०२६ पासून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीतच कांजिण्यांची लस जोडून देण्याचा निर्णय झाला.

नकारामागे दोन खऱ्या शंका होत्या. पहिली नागिणीची. कांजिण्या झालेल्या मुलांच्या सहवासात प्रौढांची जुनी प्रतिकारशक्ती पुन्हा चेतवली जाते आणि त्यामुळे नागीण दबून राहते, अशी मांडणी १९६५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर होप-सिम्पसन यांनी केली होती. ती पूर्ण खरी असेल, तर मुलांच्या कांजिण्या संपवल्यावर पुढची काही दशके प्रौढांत नागीण वाढेल, आणि एका वहीत वाचलेले पैसे दुसऱ्या वहीतून जातील. ही भीती पोकळ नव्हती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, घरात कांजिण्या झालेल्या मुलाबरोबर राहिलेल्या प्रौढांमध्ये पुढच्या दोन वर्षांत नागिणीचे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर दहा ते वीस वर्षांनंतर सुमारे २७ टक्के कमी आढळले. म्हणजे परिणाम आहे; पण पूर्वीच्या गणितांत जेवढा धरला होता तेवढा मोठा नाही. अमेरिकेत तर लसीच्या आधीपासूनच प्रौढांतील नागीण वाढत होती आणि लसीकरणामुळे त्या वाढीला वेग आल्याचा पुरावा मिळाला नाही. लस घेतलेल्या मुलांमध्ये नागीण उलट बरीच कमी झाली.

दुसरी शंका माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे, पण तिची चर्चा कमी होते. अर्धवट लसीकरण हे न केलेल्या लसीकरणापेक्षा काही बाबतींत वाईट ठरू शकते. निम्म्या मुलांना लस दिली, तर उरलेल्या मुलांना विषाणू भेटण्याची शक्यता घटते, पण संपत नाही; ती कांजिण्यांविना मोठी होतात आणि मग नेमक्या धोकादायक वयात आजारी पडतात. एकूण रुग्ण कमी होतील, पण गंभीर रुग्णांचे प्रमाण वाढू शकेल. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, किमान ८० टक्के मुलांपर्यंत लस सातत्याने पोहोचवता येत असेल, तरच ती सार्वजनिक कार्यक्रमात घ्यावी. ज्याला परवडेल त्याने स्वतःच्या पैशाने लस घ्यावी, असे धोरण वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु त्यातून घडते ते हेच अर्धवट लसीकरण, आणि त्याची किंमत लस न घेऊ शकलेली कुटुंबे मोजतात.

अमेरिकेचा अनुभव दुसऱ्या बाजूने बोलका आहे. एका मात्रेने सुमारे ८२ टक्के संरक्षण मिळाले आणि रुग्ण झपाट्याने घटले, तरी शाळांमध्ये लहानसहान साथी येतच राहिल्या, म्हणून २००६ मध्ये दुसरी मात्रा जोडण्याचा निर्णय झाला. पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे ९ कोटी १० लाख आजार, २ लाख ३८ हजार रुग्णालयीन भरत्या आणि जवळजवळ २ हजार मृत्यू टळले, तर लसीकरणाचा खर्च वजा जाता २३ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम वाचली, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. ही बचत समाजाच्या वहीतली आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

प्रश्न : आपण पालकांच्या बुडालेल्या पगाराविषयी लिहिले. मी नोकरी करत नाही. माझ्या दोन्ही मुलांना पाठोपाठ कांजिण्या झाल्या तेव्हा तीन आठवडे मी रात्रीची धड झोपले नाही. माझा हा वेळ आपल्या हिशेबात येतो का?
(एक गृहिणी)

उत्तर : पुष्कळ अभ्यासांत येत नाही, आणि ही त्यांच्यातली मोठी उणीव आहे. सर्वांत प्रचलित पद्धतीत कामाचे बुडालेले दिवस काढून त्यांना वेतनाने गुणतात. वेतनच नसेल तर गुणाकार शून्य येतो. दुसऱ्या एका पद्धतीत तर मालकाला बदली माणूस मिळेपर्यंतचेच नुकसान धरतात. बिनपगारी शुश्रूषेची किंमत काढायचे दोन मार्ग आहेत : तेच काम पैसे देऊन करून घेतले असते तर काय लागले असते हे पाहणे, किंवा तेवढ्या वेळात त्या व्यक्तीला काय कमावता आले असते हे धरणे. दोन्ही मार्गांनी काही ना काही आकडा निघतो, मात्र तो काढण्याची तसदी घेतलीच जाते असे नाही. ब्रिटनमध्ये मुलांच्या कांजिण्यांमुळे वर्षाला २ कोटी ४० लाख पौंडांचे उत्पन्न आणि काम बुडते, असा अंदाज लस जाहीर करताना सरकारने दिला. त्यातही मुख्यतः मोबदल्याच्याच कामाचा विचार आहे.

याचा परिणाम विचित्र होतो. ज्या समाजात बहुतेक आया घरीच असतात, तिथे कांजिण्या कागदोपत्री स्वस्त ठरतात, आणि आजार स्वस्त म्हणून लस महाग ठरते. आपल्या तीन आठवड्यांची दुसरी बाजूही अशीच नोंदीबाहेर राहते : दोन मुलांची खाज, ताप आणि बुडालेला अभ्यास. आरोग्याची हानी मोजण्याच्या पद्धतींत एका आजारी मुलामागे फारच थोडे दिवस पदरी पडतात, कारण आजार लवकर बरा होतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या प्रकृतीची हानी त्यात क्वचितच जोडली जाते. तेव्हा यापुढे कांजिण्यांच्या खर्चाचा एखादा आकडा वाचनात आला, तर त्यात घरी थांबलेल्या, पण कुठल्याही हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचे दिवस धरले आहेत का, हे आधी शोधावे. बहुतेक वेळा ते गृहीतकांच्या छोट्या परिच्छेदात सापडते, किंवा सापडत नाही.